कॅनडा पीआरचं ‘फुल पॅकेज’: एजंट कशाचे पैसे घेतो आणि चौघांचं खरं बजेट किती

‘एंड-टू-एंड’, ‘फुल पॅकेज’, ‘ए टू झेड’. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आत माल एकच असतो: कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीतून (वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन माणसं निवडणारी सरकारी पद्धत) पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क, मिळवून देण्याची एकरकमी फी. हे परीक्षण कुठल्या एका ऑफिसचं नाही, त्या मालाचं आहे. ब्रोशरचा रंग बदलतो, करारातली कलमं फारशी बदलत नाहीत. गिऱ्हाईक म्हणून समोर धरलंय ते चौकोनी कुटुंब: नोकरी करणारे नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सगळे हिशेब एक कॅनडी डॉलर ६५ रुपये धरून केले आहेत.

निकाल आधीच सांगून टाकू. कागद सरळ असतील तर फुल पॅकेजला पाचपैकी दीड. कागदात गुंता असेल, म्हणजे जुना व्हिसा नाकारलेला, घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्याचा प्रश्न, कुणाचा गंभीर आजार, तर परवानाधारक सल्लागाराची तासावर घेतलेली भेट पाचपैकी चार. दोन्ही वस्तू एकाच टेबलावर विकल्या जातात, म्हणून घोळ होतो.

पॅकेजमध्ये असतं काय? शिक्षणाच्या मूल्यांकनाचं (इथली पदवी कॅनडातल्या कशाच्या बरोबरीची ते ठरवणारा रिपोर्ट) ‘मार्गदर्शन’, आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचं साहित्य, प्रोफाइल बनवणं, अर्ज करण्याचं सरकारी आमंत्रण आलं की कागदपत्रं अपलोड करणं आणि शेवटी ‘पोस्ट लँडिंग सर्व्हिस’. आता करार काढा आणि हप्त्यांचं पान वाचा. पहिला हप्ता सही करताना, दुसरा मूल्यांकनाचा अर्ज गेला की, तिसरा ‘प्रोफाइल क्रिएशन’नंतर. परताव्याच्या कलमात लिहिलेलं असतं की प्रोफाइल तयार झाल्यावर पैसे परत मिळणार नाहीत. इथेच मेख आहे. एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल भरायला कॅनडा सरकार एक पैसा घेत नाही. मूल्यांकनाचा रिपोर्ट आणि इंग्रजीचे गुण हातात असले तर जेवणानंतर बसून ते झोपायच्या आत भरून होतं. सगळ्यात सोपं काम ते परताव्याचं दार बंद करणारं काम ठरवून ठेवलंय. करार करायचाच असेल तर हे कलम बदलून घ्या: शेवटचा मोठा हप्ता पूर्ण अर्ज दाखल झाल्याची सरकारी पोचपावती आल्यावर. नाही म्हणाले तर त्यांचा स्वतःवर किती भरवसा आहे ते कळतं.

प्रोफाइल म्हणजे रांगेतला नंबर नव्हे, हेही कुणी स्पष्ट सांगत नाही. प्रोफाइल बारा महिने उमेदवारांच्या तलावात, म्हणजे ‘पूल’मध्ये, राहतं. सरकार अधूनमधून ड्रॉ काढतं आणि गुणांची रेष ओलांडणाऱ्यांना बोलावतं. २०२५ च्या सबंध वर्षात सर्वांसाठी खुला असा एकही जनरल ड्रॉ झाला नाही. ड्रॉ झाले ते प्रांताचं नामांकन असलेल्यांचे, कॅनडात आधीच काम केलेल्यांचे, आणि फ्रेंच, आरोग्य, शिक्षण, कुशल कारागिरी अशा ठरावीक गटांचे. म्हणजे हिंजवडीत बसलेला, कॅनडात कधी काम न केलेला, फ्रेंच न येणारा सॉफ्टवेअरवाला चांगले गुण घेऊनही वर्षभर तसाच बसून राहिला. त्याच वर्षी मार्चमधल्या फ्रेंचच्या ड्रॉमध्ये रेष ३७९ पर्यंत खाली आली होती. अशा वेळी गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगायला हवं की बाबा रे, पैसे आमच्यावर घालवण्याऐवजी आलियाँस फ्राँसेजच्या वर्गावर घालव आणि वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या चारही कौशल्यांत फ्रेंचची एनसीएलसी ७ ही पातळी गाठ. यात वर्ष-दीड वर्ष जातं, पण बजेटमधली ही एकच ओळ अशी आहे जी निकाल फिरवू शकते. पॅकेजच्या कोटेशनमध्ये ती सहसा नसते.

‘जॉब असिस्टन्स’ नावाची पुरवणी मात्र हमखास असते. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले आहेत. त्याआधी या गुणांसाठी ऑफर विकण्याचा धंदा जोरात होता. आता ‘ऑफर लेटरने पन्नास गुण वाढतील’ असं कुणी म्हणालं तर त्याची माहिती शिळी आहे किंवा दानत खोटी. दोन्हीपैकी काहीही असो, खुर्ची सोडा.

परवाना कसा तपासायचा? कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा प्रतिनिधी म्हणून काम करायचं तर माणूस तिथला वकील तरी हवा किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा सदस्य. सदस्याला ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक यादीत तो शोधता येतो. भिंतीवर लावलेलं परराष्ट्र मंत्रालयाचं भरती एजंटचं प्रमाणपत्र परदेशी नोकऱ्यांसाठी माणसं पाठवण्याचं असतं, त्याचा पीआरच्या अर्जाशी संबंध नाही. यादीत नाव सापडलं तरी पुढचा प्रश्न विचारा: आयएमएम ५४७६ या प्रतिनिधी नेमण्याच्या फॉर्मवर कुणाची सही येणार? ज्याची फी त्याची सही, हा नियम. ‘आमचं नाव दाखवायला नको, तुम्ही स्वतः भरल्यासारखं दाखवू’ असं म्हणणारा एजंट कायद्याच्या भाषेत अनधिकृत प्रतिनिधी आहे आणि अर्जात काही खोटं निघालं तर पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

त्यातच अकाउंटची गोष्ट. ऑफिसच्या ईमेलवर, ऑफिसच्या पासवर्डने तुमचं सरकारी खातं उघडलं जातं. आमंत्रण आलं की साठ दिवसांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. त्यातले आठ-दहा दिवस निरोप तुमच्यापर्यंत पोचण्यातच गेले तर दोष कुणाला देणार? खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. परवानाधारक प्रतिनिधीला त्याच्या वेगळ्या पोर्टलवरून काम करता येतं, तुमचा पासवर्ड लागत नाही.

आता जिथे खरी मदत हवी असते आणि पॅकेजमध्ये जिचं वजन सगळ्यात कमी असतं ती जागा: नावं आणि अनुभवपत्रं.

महाराष्ट्रातल्या नावाची घडण कॅनडाच्या फॉर्मला पचत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. लग्नानंतर बायकोचं मधलं नाव आणि आडनाव बदललेलं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. शिक्षण मूल्यांकन करणारी संस्था, आयईएलटीएस, पोलिसांचा दाखला आणि अर्ज ही सगळी पासपोर्टच्या नावावर आणावी लागतात. जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी. नुसतं ‘दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र पुरत नाही असं नाही, पण विवाह प्रमाणपत्र सोबत असलं की प्रश्न उठत नाही. हे काम आमंत्रण येण्याआधी, निवांतपणे करायचं. मुलांचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकुरासह नवा काढा, नाहीतर भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. भाषांतर घरातल्या माणसाने केलेलं चालत नाही, मामा इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी.

अनुभवपत्राचं दुखणं वेगळं. आपल्याकडे एचआर जे ‘रिलीव्हिंग लेटर’ देतं त्यात पद आणि तारखा एवढंच असतं. कॅनडाला कंपनीच्या लेटरहेडवर हवं असतं: पद, कामाचं वर्णन, सुरू-शेवटच्या तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, सही करणाऱ्याचं नाव-पद-फोन. जुन्या कंपनीचं एचआर ‘आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही’ म्हणून हात वर करतं. मग तिथल्या त्या वेळच्या वरिष्ठाचं सही केलेलं पत्र, त्याच्या पदाचा पुरावा, आणि सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, अशी मोळी बांधावी लागते, आणि अधिकृत पत्र का मिळालं नाही याचं एक पानी स्पष्टीकरण. साठ दिवसांत हे पहिल्यापासून सुरू केलं तर जीव जातो.

इथे एजंटची सर्वांत धोकादायक ‘मदत’ येते. कामाचं वर्णन तो एनओसीच्या सरकारी पानावरून जसंच्या तसं उचलून पत्रात घालतो. एनओसी म्हणजे कॅनडाची व्यवसाय वर्गवारी. २०२१ च्या आवृत्तीत पाच आकडी कोड असतात, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर इंजिनिअरचा २१२३१. अधिकाऱ्याच्या हातात त्या कोडची शेकडो पत्रं येतात, तीच वाक्यं ओळखायला त्याला चष्मा लागत नाही. वर्णन स्वतःच्या कामाचं लिहा: कुठली प्रणाली, किती जणांच्या टीममध्ये, काय हातून गेलं. कोडच्या मुख्य कामांपैकी बरीचशी त्यात आपोआप दिसली तर कोड बरोबर आहे. दिसत नसतील तर कोड चुकलाय, पत्र नाही.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल एक हिशेब जवळून बघण्यासारखा आहे. मुख्य अर्जदाराकडे मास्टर्स आहे, तीन वर्षांहून जास्त परदेशी अनुभव आहे आणि जोडीदार सोबत येतोय. आयईएलटीएस जनरलमध्ये ऐकणं ८, वाचन ७, बोलणं ७, पण लेखन ६.५. कागदावर हे देखणे गुण आहेत. पण लेखनाचं ६.५ म्हणजे सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) ८, आणि शिक्षण-अनुभवाच्या पूर्ण जोडगुणांसाठी, म्हणजे शिक्षण किंवा अनुभव चांगल्या इंग्रजीशी जोडून मिळणाऱ्या जादा गुणांसाठी, चारही कौशल्यांत सीएलबी ९ लागतं. म्हणून शिक्षणाच्या जोडीचे ५० ऐवजी २५, अनुभवाच्या जोडीचे ५० ऐवजी २५, आणि लेखनाचे स्वतःचे २९ ऐवजी २२. अर्ध्या बँडपायी ५७ गुण गेले. तुलना करायची तर तिशीनंतर वयाचे गुण वर्षाला पाच-सहा जातात, म्हणजे हा अर्धा बँड दहा वर्षांच्या म्हातारपणाएवढा महाग. फेरपरीक्षेची फी बजेटमध्ये एकदा नाही, दोनदा धरा. आणि फक्त लेखनाची फेरपरीक्षा देणारा ‘वन स्किल रिटेक’ कॅनडाच्या इमिग्रेशनला चालत नाही, चारही विभाग पुन्हा द्यावे लागतात. क्लासवाले हे विसरतात. निकाल दोन वर्षं चालतो, शिक्षणाचं मूल्यांकन पाच वर्षं. म्हणून आधी मूल्यांकन, मग परीक्षा. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट थेट मूल्यांकन संस्थेकडे जायचं असतं आणि जुन्या बॅचच्या नोंदी शोधण्यात कलिना काय नि गणेशखिंड काय, आठवडे जाऊ शकतात. मुख्य अर्जदार कुणी व्हायचं हेही दोघांचे गुण वेगवेगळे मांडून ठरवा. ‘नवऱ्याच्या नावाने करू’ हा निर्णय नव्हे, सवय आहे.

आता सरकारी फी, म्हणजे जी एजंटच्या कोटेशनबाहेर असते आणि ‘ॲट ॲक्च्युअल्स’ या दोन शब्दांत गुंडाळलेली असते. ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दरांनी हिशेब असा होता: प्रत्येक प्रौढाचे ९५० डॉलर प्रक्रियेचे आणि ५७५ पीआरच्या हक्काचे, म्हणजे दोघांचे ३,०५०. मुलांचे प्रत्येकी २६०, म्हणजे ५२०. कुटुंबाचं बायोमेट्रिक १७०. बेरीज ३,७४० डॉलर, सुमारे २ लाख ४३ हजार रुपये. हे दर दोन वर्षांनी ३० एप्रिलला बदलतात, म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघूनच कार्डाची मर्यादा वाढवून घ्या. पीआरच्या हक्काची फी अर्ज नाकारला तर परत मिळते, प्रक्रियेची नाही. याशिवाय दोघांची परीक्षा, दोन मूल्यांकनं, चौघांचं मेडिकल, कुरियर, भाषांतरं यांसाठी एक-दीड लाख बाजूला ठेवा. पासपोर्ट सेवा केंद्राचा पोलीस दाखला माणशी ५०० रुपये, स्वस्तात स्वस्त कागद. पण गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. आयटीतल्या ऑनसाइटवाल्यांचं घोडं इथे अडतं.

मेडिकलची वेळ बदलली आहे. २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज भरतानाच ते झालेलं असावं लागतं, तेही यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच. त्याची मुदत बारा महिने, आणि शेवटी पीआर मंजुरीची जी कन्फर्मेशन मिळते तिची मुदत मेडिकल किंवा पासपोर्ट, जे आधी संपेल त्यावर. इथे मुलं पालकांना गाठतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा. धाकटीच्या पासपोर्टला सात महिने उरलेत म्हणून चौघांची विमानाची तारीख ती ठरवते. आमंत्रण येण्याआधीच मुलांचे पासपोर्ट नवे करून घ्यावेत.

सगळ्यात मोठी रक्कम कुणाला द्यायची नसते, नुसती दाखवायची असते. चौघांच्या कुटुंबाला जुलै २०२५ च्या आकड्यानुसार २८,३६२ डॉलर, म्हणजे साधारण १८ लाख ४४ हजार रुपये. ही रक्कम स्वतःची, मोकळी आणि रोखीत बदलता येणारी हवी. फ्लॅट, गावची जमीन, दागिने यात धरत नाहीत. कर्जाऊ पैसे तर मुळीच नाहीत. बँकेच्या पत्रात खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी आणि बाकी कर्जं लागतात. शाखेत जाऊन हे मागितलं की काउंटरवरून छापील ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ मिळतं ज्यात सरासरी नसते. मॅनेजरकडे नमुना घेऊनच जा. सहा महिन्यांची सरासरी मागतात म्हणून आमंत्रणाच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांनी टाकलेले दहा लाख उठून दिसतात. ते भेट असतील तर भेटपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. सगळ्यात बरं म्हणजे अर्धं वर्ष आधी मुदत ठेव करून विसरून जाणं.

पॅकेज इथे ‘फंड अरेंजमेंट’ची सोय देऊ करतं: काही महिन्यांसाठी खात्यात पैसे दाखवायचे, व्याजासह परत घ्यायचे. हे सरळ खोटं विधान आहे आणि वरची पाच वर्षांची बंदी याच कारणाने लागते.

पैसे नेताना टीसीएसचा, म्हणजे बँक आधीच कापून घेते त्या कराचा, फटका. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर पाठवता येतात, ती मर्यादा अडचणीची नाही. अडचण अशी की १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या रकमेवर, शिक्षण-वैद्यकीय कारण सोडून, बँक २० टक्के टीसीएस कापते. १८ लाख ४४ हजार एकाच पॅनवरून गेले तर ८ लाख ४४ हजारांवर जवळपास १ लाख ६९ हजार अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण ते दिवस तुमचे कॅनडातले बिनपगारी दिवस असतात. नवरा-बायकोने आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर ९ लाख २२ हजार पाठवले तर कपात शून्य. किंवा निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये. फॉरेक्स कार्डावर भरलेले पैसेही याच मर्यादेत मोजतात. एकाही पॅकेजमध्ये या ओळीचा मागमूस नसतो, आणि अख्ख्या बजेटमध्ये एवढ्या कमी कष्टात एवढे पैसे दुसरीकडे कुठेच वाचत नाहीत.

फ्लॅट विकायचा विचार असेल तर निघण्याआधी विका. अनिवासी झाल्यावर विकला तर खरेदीदाराला निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का नाही, अनिवासींच्या दराने टीडीएस कापावा लागतो, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढलं नसेल तर तो पूर्ण विक्री किमतीवर कापला जातो. ठेवायचा असेल तर भावाच्या किंवा वडिलांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच निघा. परदेशातून करायचं म्हटलं की वकिलातीची साक्षांकनाची रांग आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, असा दुहेरी खेळ आहे.

२८,३६२ पुरतात का? सरकारी किमान आणि घरचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोरोंटोच्या उपनगरात दोन बेडरूमचं घर २,४०० डॉलर धरलं, किराणा ९००, वीज-फोन-इंटरनेट ३००, दोघांचा प्रवास ३५०, किरकोळ ३००, तर महिना ४,२५०. सहा महिने नोकरी नाही असं समजून २५,५००. त्यावर पहिल्या तीन आठवड्यांची तात्पुरती जागा २,५००, शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं २,४००, गाद्या-टेबल-भांडी २,५००, चौघांचे हिवाळी कपडे-बूट १,२००. एकूण ३४,१०० डॉलर, म्हणजे २२ लाख १६ हजार. हे आमचे अंदाज आहेत आणि मुद्दाम कंजुषीचे आहेत. विमानाची तिकिटं यात नाहीत. ओंटारिओत घरमालकाला शेवटच्या महिन्याच्या भाड्याशिवाय वेगळं डिपॉझिट मागता येत नाही, तरी नवख्यांकडे सहा-सहा महिन्यांचं मागणारे भेटतात. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याचं डिपॉझिट चालतं. आरोग्याच्या बाबतीत उलटं: ओंटारिओचा ओहिप हा सरकारी आरोग्य विमा आता थांबायला न लावता सुरू होतो, ब्रिटिश कोलंबियात उरलेला महिना आणि वर दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा खाजगी विमा बजेटमध्ये घ्या.

जमेच्या बाजूला एक ओळ लिहायची राहते: कॅनडा चाइल्ड बेनिफिट. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षात सहा वर्षांखालच्या मुलाला कमाल ७,९९७ आणि त्यावरच्या मुलाला ६,७४८ डॉलर. पीआरला उतरल्यापासून हक्क आहे, पण आरसी६६ फॉर्मसोबत नव्या रहिवाशांची पुरवणी भरावी लागते आणि भारतातलं उत्पन्न त्यात दाखवावं लागतं. पहिला आठवडा संपायच्या आत अर्ज टाका.

‘पोस्ट लँडिंग सर्व्हिस’ म्हणजे विमानतळावरून गाडी, सिमकार्ड आणि सिन नंबरला (नोकरी-करासाठी लागणारा तिथला ओळख क्रमांक) मदत. सिन सर्व्हिस कॅनडाच्या खिडकीवर फुकट मिळतो. बँक खातं, शाळाप्रवेश, बायोडेटा सुधारणं यांसाठी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था पीआरकडून पैसे घेत नाहीत. ही पुरवणी कोटेशनमधून खोडायला सांगा. त्याऐवजी निघण्याआधी आरटीओतून लायसन्सचा अधिकृत उतारा काढा, ज्यावर पहिलं लायसन्स कधी मिळालं ती तारीख असेल. ओंटारिओत तो अनुभव सिद्ध करतो. तो नसेल तर सगळा अनुभव मोजला जात नाही. गाडीच्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्रही घ्या, काही विमेवाले ते मानतात. मुलांची लसीकरणाची कार्डं आणि शाळा सोडल्याचे दाखले हातातल्या बॅगेत. तिथली शाळा सप्टेंबरला सुरू होते, तेव्हा जूनमध्ये इथली नवी फी भरू नका.

सामानाबद्दल एजंट ‘काय वाट्टेल ते न्या’ म्हणतो. मिक्सरच्या तळाची पट्टी वाचा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. साडेसातशे वॉटच्या मिक्सरला पुरेल एवढा ट्रान्स्फॉर्मर विटेसारखा जड असतो. निर्यातीसाठी बनवलेलं ११० व्होल्टचं देशी मॉडेल घ्या, ओल्या खोबऱ्याचं वाटण तिथल्या ब्लेंडरमध्ये होत नाही. घरांत बहुधा काचेची सपाट शेगडी असते, खोलगट लोखंडी तवा तिच्यावर डुगडुगतो. सपाट बुडाचा तवा, आणि कुकरच्या रिंगा-व्हॉल्व्हचे दोन-दोन जादा जोड.

नंतर जहाजाने येणाऱ्या सामानाची यादी पहिल्या प्रवेशाच्याच दिवशी कस्टम्सला द्यावी लागते, बीएसएफ १८६ या फॉर्मवर: एक यादी सोबत आणलेल्याची, दुसरी मागून येणाऱ्याची. मागून काही यायचं नाही असं वाटत असलं तरी दुसरी यादी भरा, नंतर आईने पाठवलेली पितळी भांडी करमुक्त आणता येतात, पण येण्याआधी ती तुमच्या मालकीची, वापरातली असली पाहिजेत. मंगळसूत्र, पाटल्या, हार यांची वजनं, सराफाचं मूल्यांकन आणि फोटो यादीला लावा. दहा हजार कॅनडी डॉलरच्या वरच्या एकेका वस्तूवर वरच्या रकमेपुरता कर लागतो, म्हणून सेटची किंमत एकगठ्ठा न लिहिता दागिनावार लिहा. आणि त्या यादीवर कस्टम्सचा शिक्का बसल्याशिवाय काउंटर सोडू नका.